दोन पांढऱ्यांची लेकरं

ओर्फिलियाने काचेची चपटी बाटली ओल्या टॉवेलात गुंडाळली, ओट्यावर आडवी ठेवली आणि हातोडीचा एकच टोला हाणला. काच फुटल्याचा आवाज टॉवेलातच जिरला. तिने टॉवेल उलगडला. फुटलेल्या काचांच्या मधोमध, काळ्या चिकट खळीत मुळं रोवून, पन्नास-साठ ऑर्किडची रोपं एकमेकांना बिलगून उभी होती. त्यांतलं सर्वांत उंच करंगळीएवढं. दोन वर्षांपूर्वी ही सगळी मिळून तपकिरीसारखं चिमूटभर बी होतं.

"हळू!" दारातून डॉक्टर लिसिमाको ओरडले. "माझी पोरं आहेत ती!"

"बाळंतपणात पुरुषांनी बाहेर थांबायचं असतं, डॉक्टर," ओर्फिलियाची धाकटी बहीण नोएमी म्हणाली. तिने पुढची चपटी टॉवेलात घेतली.

डॉक्टर कशाचेही डॉक्टर नव्हते. मेदेयीन शहरापासून दोन तासांवरच्या या एल साउसाल गावात, ज्याच्या घराला दोन मजले आणि अंगात कोट त्याला डॉक्टर म्हणतात आणि तोही हरकत घेत नाही. लिसिमाको आर्बेलाएस एकतीस वर्षं गावचे नोटरी होते. त्यांनी शिक्का मारल्याशिवाय गावात कोणी रीतसर जन्मलं नाही, लग्न केलं नाही, जमिनीला कुंपण घातलं नाही आणि मेलंही नाही. निवृत्त झाल्यावर शिक्का नव्या नोटरीबाईंकडे गेला, पण शिक्का मारण्याची सवय डॉक्टरांच्या हातातच राहिली. मग त्यांनी ऑर्किड धरलं.

त्या भागात जांभळं ऑर्किड म्हणजे कौतुकाची गोष्ट नव्हे. ते पेरूच्या झाडावर फुलतं, चर्चच्या भिंतीवर फुलतं, कोंबड्यांच्या खुराड्यावरही फुलतं. पांढरं मात्र लाखात एक. डॉक्टरांकडे आजोबांच्या पेरूवरचं एक होतं; डोंगरापलीकडच्या गावात तिथल्या फादरकडे दुसरं होतं. डॉक्टरांनी फादरच्या चॅपेलच्या जागेचे कागद फुकटात सरळ करून दिले आणि बदल्यात फुलातले परागकण आगपेटीतून आणले. "पांढरा बाप, पांढरी आई," ते सगळ्यांना सांगत सुटले, "लेकरं काय काळी होणार? पांढऱ्यांची पलटण उभी करतो बघा." शेंग हिरवी असतानाच त्यांनी ती ओर्फिलियाकडे आणली. देठाला लेबल होतं आणि लेबलाच्या गाठीवर लाल लाखेची मोहोर.

ओर्फिलियाची प्रयोगशाळा म्हणजे तिचं स्वयंपाकघरच, फक्त तिथे स्वयंपाक होत नसे. माशांच्या जुन्या काचेच्या पेटीला दोन भोकं पाडून हातमोजे बसवले होते. त्या पेटीत ती पेरणी करायची. खळ शिजायची कुकरमध्ये: केळं, शहाळ्याचं पाणी, कोळशाची पूड, चायना ग्रास. बाटल्या म्हणजे गावाने रिकाम्या केलेल्या बडीशेपेच्या दारूच्या चपट्या. त्यांचा तुटवडा कधीच पडला नाही. आणि रीत अर्धलीची: शेंग तुमची, मेहनत माझी, रोपं निम्मी-निम्मी. ऑर्किड मंडळातले सगळे सभासद, मेदेयीनचेसुद्धा, तिच्याकडेच शेंगा पाठवत. पेरल्यापासून फूल यायला सात वर्षं लागतात. सात वर्षांनी जे फुलतं ते तुमच्याच शेंगेतलं होतं, यावर पेरणारीच्या शब्दापलीकडे पुरावा नसतो. ओर्फिलियाकडे विकायला होता तो तेवढा शब्दच.

तिने पहिलं रोप पाण्यात धरून खळ धुतली. पान उलटं केलं. देठापाशी, जांभूळ खाल्लेल्या जिभेसारखी, पुसट जांभळी छटा होती. तिने दुसरं रोप उचललं. मग तिसरं. मग पेल्याच्या तळाशी साखर राहिली का बघावं तशी ती मान वाकडी करून एकेक बघत राहिली. पांढऱ्याची रोपं तिने याआधीही पेरली होती. ती कोवळ्या पेरूसारखी निव्वळ हिरवी असतात, मुळापासून शेंड्यापर्यंत. रंगाचा डाग म्हणून नाही.

"डॉक्टर, जरा ही पानं बघता का—"

"पानं गुरं बघतात, ओर्फिलिया. मी फूल बघणार."

"नाही, पण इथे देठाशी—"

"हे बघ." डॉक्टरांनी आवाज चढवला नाही, चढवायची त्यांना कधी गरजच पडली नव्हती. "तिसरीपर्यंत शिकलेल्या बाईचे हात वापरायचे असतात. तोंड वापरायला माझ्याकडे गावाची नगरपालिका आहे."

नोएमी खोकली. ओर्फिलियाने तोंड मिटलं.

मागच्या वर्षी डॉक्टरांची एक बाटली बुरशीने गेली होती. शंभरात दोन-चार जातातच. डॉक्टरांनी ती हिरवीगार केसाळ बाटली मंडळाच्या बैठकीत नेऊन प्रदर्शनाच्या टेबलावर ठेवली, खाली सुबक अक्षरात कार्ड लावून: 'पेरणी – ओर्फिलिया ताबारेस'. लोक हसून हसून रडले होते. ओर्फिलिया तेव्हा त्याच खोलीत कॉफीचे कप गोळा करत होती.

"किती गोड आहेत गं," परात धरून बसलेल्या एस्तेरबाई म्हणाल्या. या डॉक्टरांच्या पत्नी. त्या कधी रिकाम्या हाताने आल्या नाहीत. आज चीज घातलेले मक्याचे वडे आणले होते. "फूल कधी येईल?"

"पाच वर्षं तरी, बाई."

"पाच तर पाच. हे एक फूल बघितलं की निघाले मी वालेन्सियाला."

त्यांची मुलगी स्पेनमध्ये होती. नुकताच मुलगा झाला होता. एकतीस वर्षं गावाला कागद करून देणाऱ्या माणसाच्या मुलीकडे तिथे राहण्याचा कागद नव्हता. एकदा तिथून बाहेर पडली की परत आत जाता आलं नसतं. म्हणजे जायला हवं ते आजीने. पण रोपांना दिवसातून दोनदा पाणी लागतं, आणि डॉक्टरांच्या मते पाणी घालणं हे कोट घालून करायचं काम नव्हतं.

"ओर्फिलिया, नक्की पांढरंच येईल ना?"

शब्द ओर्फिलियाच्या ओठांवर आले होते. एवढ्यात दारातून डॉक्टर म्हणाले, "तिला काय विचारतेस? ती काय देव आहे?"

ओर्फिलियाने ते रोप अलगद परातीत सोडलं.

"येईल, बाई," ती म्हणाली.

*

"सांगून टाक ना, ताई," दुसऱ्या दिवशी कुकर घासताना नोएमी म्हणाली.

"विचारू दे त्याला."

"तो जन्मात विचारणार नाही."

"मग मी जन्मात सांगणार नाही."

"आणि एस्तेरबाईंचं काय?"

ओर्फिलियाने कुकरचं झाकण लावलं, खिट्टी घट्ट पिळली आणि शिटी होईपर्यंत तिथेच पाठमोरी उभी राहिली. तिला त्या बाईंबद्दल माया होती. पण माया एका बाजूला आणि डॉक्टरांचं तोंड बघण्याची संधी दुसऱ्या बाजूला, असं पारडं तिने मनात लावलं, आणि कुठलं खाली गेलं ते नोएमीलाही सांगितलं नाही.

पहिलं वर्ष रागात गेलं. दुसऱ्या वर्षी राग बराचसा ओसरला, पण तोवर 'तेव्हाच का नाही सांगितलंस' हा प्रश्न तयार झाला होता. तिसऱ्या वर्षी डॉक्टरांनी काचघर बांधलं. चौथ्या वर्षी पितळेची पाटी करून घेतली. फुलाचं नाव आधी 'एस्तेर हुलिया' ठरलं होतं, मग ते डॉक्टरांच्या आईचं झालं आणि पाटीवर कोरताना 'लिसिमाको' झालं. गप्प बसणं हे खळीत पेरलेल्या बियांसारखं असतं. पहिले काही महिने दिसतच नाही, आणि दिसायला लागतं तेव्हा बाटली भरलेली असते.

एस्तेरबाई सकाळ-संध्याकाळ पाणी घालत होत्या. महिन्यातून एकदा ओर्फिलिया रोपं बघायला जाई. दर वेळी एस्तेरबाई तिला फोनवरचा नातू दाखवत. आधी रांगणारा, मग धावणारा, मग दात पडलेला.

"आता बोलतो बरं का. परवा मला म्हणाला, तुझ्यामागे काच का आहे? मी म्हटलं, राजा, फुलं आहेत. म्हणाला, फुलं मोठी की मी?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, फुलं उठून यायची नाहीत, म्हणून मी इथे." एस्तेरबाईंनी फोन पदराला पुसावा तसा ॲप्रनला पुसला. "पांढरंच ना गं?"

"पांढरंच, बाई."

पाचव्या वर्षी एका रोपाला कळीचं म्यान आलं.

*

कळी फुगायच्या आधीच डॉक्टरांनी एक बंदोबस्त केला. दुसऱ्या कुठल्याही माणसाला तो सुचला नसता. त्यांनी त्या कुंडीवर पातळ पांढऱ्या कापडाचा तंबू उभा केला, चारी बाजूंनी दोरी आवळली आणि गाठीवर लाखेची मोहोर लावली. मृत्युपत्र फोडतात तसं फूल सर्वांसमक्ष फोडायचं होतं. त्याआधी कोणीही बघायचं नाही, स्वतः त्यांनीसुद्धा नाही. कायदा सर्वांना सारखा. एस्तेरबाईंनी तीन आठवडे खालच्या ताटलीत पाणी ओतलं.

रविवारी, सान हुआनच्या सणाला, पाहुणे जमले. महापौर आले, डोंगरापलीकडचे फादर आले, मेदेयीनहून मंडळाचे अध्यक्ष आले. अख्खं डुक्कर भाजलं होतं. ओर्फिलिया आणि नोएमीला मागच्या रांगेत, कुंड्यांच्या फळीला टेकून उभं राहायला जागा मिळाली.

डॉक्टरांचं भाषण वीस मिनिटं झालं. त्यात आजोबांचा पेरू होता, शुद्धता होती, रक्ताची परंपरा होती. मग त्यांनी खिशातून चाकू काढला, मोहोर फोडली आणि कापड ओढलं.

दोन फुलं होती. पुरती उमललेली, तळहाताएवढी, आणि कोंबड्यांच्या खुराड्यावर असतात तितकीच जांभळी.

भाजलेल्या डुकरावरची माशी सगळ्यांना ऐकू आली.

"देवाची लीला," शेवटी फादर म्हणाले.

"जांभळं आहे," अध्यक्ष म्हणाले, "पण अगदी तब्येतीने जांभळं आहे."

मग हसू फुटलं. आधी महापौरांच्या बायकोचं, मग सगळ्यांचंच. ओर्फिलिया ज्यासाठी पाच वर्षं थांबली होती ते तोंड तिला दिसलं. डॉक्टरांचा जबडा खाली आला होता आणि हातातला चाकू तसाच पुढे धरलेला होता. ते तिला वाटलं होतं त्यापेक्षा लहान निघालं. तिची नजर सरकली. पहिल्या रांगेत एस्तेरबाईंनी चष्मा काढला होता. काचा ब्लाउजच्या बाहीला पुसल्या, परत घातला, परत बघितलं.

पाहुणे जेवून गेल्यावर डॉक्टरांनी तिला काचघरात बोलावलं.

"शेंग बदललीस तू."

"नाही बदलली."

"दोन पांढऱ्यांना जांभळी पोरं? मला शिकवतेस?"

"होतात, डॉक्टर. कॉन्व्हेंटच्या सिस्टरने मला पेरणी शिकवली, तिने सांगितलं होतं." ओर्फिलिया कुंड्यांकडे बघत बोलत होती. "असं समजा, एका घरात दौत आहे पण टाक नाही. दुसऱ्या घरात टाक आहे पण शाई नाही. दोन्ही घरचे कागद कोरेच. पण या दोन घरांची सोयरीक झाली, की पोरांकडे दौतही येते आणि टाकही. मग ती लिहिणारच. तुमचं पांढरं एका कारणाने पांढरं, फादरचं दुसऱ्या."

माणूस मूर्ख नव्हता. एकतीस वर्षं त्याने लोकांच्या सोयरिकी बघितल्या होत्या.

"समजलं," ते म्हणाले. "अगदी बरोबर असणार तुझं."

ओर्फिलियाने मान वर केली.

"पण हे मी मंडळाला सांगितलं, तर अर्थ असा होतो की लिसिमाको आर्बेलाएसला ही गोष्ट माहीत नव्हती. ती एका तिसरी पास बाईला माहीत होती. त्यापेक्षा, तुझ्या हातून बाटलीवरचं लेबल चुकलं, हे सगळ्यांच्या सोयीचं आहे."

"माझ्या नाही."

"तुझ्याही. ऐक. तू लिहून दे, चूक झाली. मी म्हणेन, माणूस आहे, चुकतं. मंडळ शेंगा पाठवत राहील. नाही दिलंस, तर मी म्हणेन की माझी पांढरी तू परदेशी लोकांना विकलीस आणि माझ्या गळ्यात बाजारातली जांभळी बांधलीस. वेंधळी की चोर, एवढंच ठरवायचं आहे. गुरुवारी अकरा वाजता. नोटरीकडे."

*

ओर्फिलियाच्या फळ्यांवर तेव्हा मंडळाच्या चारशे बाटल्या होत्या. वेंधळीकडच्या बाटल्या लोक निदान संपेपर्यंत ठेवतात. चोराकडच्या दुसऱ्या दिवशी उचलतात. गुरुवारी तिने चर्चला जायचा ड्रेस घातला आणि नोएमीला सोबत घेतलं.

नव्या नोटरीबाई मारिसेल वयाने तिशीतल्या होत्या. डॉक्टरांच्या जुन्या टेबलावर त्यांनी आता संगणक आणि बोटांचे ठसे घेणारं छोटं यंत्र ठेवलं होतं. कबुलीचा मसुदा डॉक्टरांनी घरूनच टाइप करून आणला होता.

"आधी ओळख," मारिसेल म्हणाल्या. "उजवी तर्जनी ठेवा, मावशी."

ओर्फिलियाने बोट ठेवलं. यंत्र तांबडं झालं. मधलं बोट ठेवलं. तांबडं. अंगठा, मग डावा हात, मग सगळी बोटं ड्रेसला पुसून पुन्हा. तांबडंच.

"ठसाच येत नाही," मारिसेलने तिचा हात उलटा करून खिडकीकडे धरला. "रेषाच नाहीत की!"

"तीस वर्षं ब्लीचमध्ये बुडवलीत आणि ज्योतीवर धरलीत," नोएमी म्हणाली. "बुरशी गेली, त्याबरोबर ताईही गेली. विचारा तुमच्या मशीनला, ही जिवंत तरी आहे का."

"मशीनच्या मते मावशी नाहीतच," मारिसेल ओशाळून हसल्या. "मला वाटतं, अशा वेळी पूर्वी ओळखीचा साक्षीदार घेत. डॉक्टर, तुम्हीच द्या ना. एक ओळ पुरे आहे. 'मी हिला ओळखतो.'"

"एक ओळ?"

डॉक्टरांनी हातातली टोपी टेबलावर ठेवली. गेल्या रविवारपासून गावात कोणी त्यांना काही विचारलं नव्हतं. लोक फक्त जांभळ्या रंगाबद्दल बोलत होते. आता त्यांच्या चेहऱ्यावर रक्त परत आलं.

"एक ओळ म्हणे! म्हणून तर तुमच्या हाताखालचे कागद कोर्टात टिकत नाहीत. ओळखीच्या दाखल्याला पूर्ण मजकूर असतो, पोरी. आता कोणाला पाठ राहिला नाही. घे लिहून."

ते उभे राहिले. डोळे मिटले. चर्चमध्ये प्रार्थना म्हणावी तशा संथ, भरलेल्या आवाजात त्यांनी सांगायला सुरुवात केली, आणि बाहेर रांगेत बसलेले तिघे-चौघेही बोलायचे थांबले.

"मी, लिसिमाको आर्बेलाएस, या गावात एकतीस वर्षे नोटरी राहिलेला, शपथपूर्वक लिहून देतो की, समोर उपस्थित असलेल्या ओर्फिलिया ताबारेस हिला मी तीस वर्षे व्यक्तिशः ओळखतो. स्वल्पविराम. की ती सचोटीची व सद्वर्तनी असून, तिच्या बोलण्यात, व्यवहारात वा हातच्या लेखात आजवर कोणतीही खोट आढळलेली नाही. स्वल्पविराम. तसेच तिच्या शब्दावर कोणीही निःशंकपणे विसंबून राहावे. पूर्णविराम."

"वा!" बाहेरून कोणीतरी म्हणालं.

डॉक्टरांनी डोळे उघडले. तृप्त दिसत होते. मारिसेलने कागद छापला, त्यांनी झोकदार सही केली, शिक्का बसला.

"दोन प्रती," त्यांनी बजावलं. "एक दप्तराला आणि एक, जिची ओळख पटली तिला. नियम आहे."

मारिसेलने एक प्रत ओर्फिलियाला दिली आणि कबुलीचा कागद तिच्यापुढे सरकवला. ओर्फिलियाने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. तिला वाचायला वेळ लागे. ओळीखाली बोट फिरवत ती आधी एक वाचून गेली, मग दुसरा. पेन उचललं. खाली ठेवलं.

"डॉक्टर, यात लिहिलंय की मी लेबल चुकीचं लिहिलं."

"हो. खाली सही कर."

"आणि यात तुम्ही लिहिलंय, माझ्या हातच्या लेखात आजवर खोट नाही." तिने दाखला उचलला. "दोन्ही कसं खरं असेल? मी आपली तिसरीपर्यंत शिकलेली. मी तुमच्या शब्दावर जाते."

ती उठली.

डॉक्टरांना कळायला श्वासभर वेळ लागला. मग ते म्हणाले, "चोर म्हणेन तुला मंडळात!"

"म्हणा ना. हा मी मंडळाला वाचून दाखवेन. शिक्का तर तुमच्याच गावचा आहे."

"मारिसेल, तो दाखला रद्द कर!"

"शपथेवरचा आहे, डॉक्टर," मारिसेल संगणकाकडे बघत म्हणाल्या. "रद्द करायचा तर तुम्ही खोटी शपथ घेतली असं लिहावं लागेल. त्याचा मजकूर तुम्हाला पाठ असेल तर सांगा."

*

नोएमी हसत हसतच चौकापलीकडच्या दुकानात वडे आणायला पळाली. ओर्फिलिया कार्यालयाच्या पायरीशी थांबली. चौकातल्या बाकावर एस्तेरबाई बसल्या होत्या. आत डॉक्टरांचा आवाज अजून चालूच होता.

"बस जरा," एस्तेरबाई म्हणाल्या.

ओर्फिलिया बसली. कागद तिच्या हातातच होता.

"ऐकलं मी सगळं. छान बोलतात ना ते अजून?" एस्तेरबाईंनी तिच्या हातातल्या दाखल्याकडे बघितलं, पण हात लावला नाही. "मला एक सांग. तुझ्या वाट्याची रोपं तू पहिल्याच वर्षी बाजारात विकलीस म्हणे. जांभळ्याच्या भावाने. मला परवा भाजीवालीने सांगितलं. तिच्या घरी आहेत त्यातली दोन."

चौकात कबुतरं उतरली होती. ओर्फिलिया त्यांच्याकडे बघत राहिली.

"जागा नव्हती, बाई."

"हं." एस्तेरबाईंनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. चष्म्याशिवाय त्या खूप म्हाताऱ्या दिसत. "नातू माझा सप्टेंबरात शाळेत जाईल. काल फोनवर आईला विचारत होता, ही कुठली आजी? मी रागवणार नाही गं. मला फक्त कळायला हवं. तुला माहीत होतं?"

'हो' म्हणायला काहीच लागत नाही. ओर्फिलियाने तोंड उघडलंही. पण 'हो' म्हटलं असतं तर बाईंनी पुढे विचारलं असतं, कधीपासून. आणि हातातल्या कागदावर शाई अजून ओली होती.

"नाही, बाई," ती म्हणाली. "नव्हतं माहीत."

एस्तेरबाईंनी मान डोलावली. खांदे सैल झाले. बघता बघता चेहरा मोकळा झाला, आणि तेच बघायला ओर्फिलियाला कठीण गेलं.

"मी यांना तेच म्हटलं. म्हटलं, ओर्फिलियाला कळलं असतं तर तिने तुम्हाला नाही, पण मला तरी सांगितलं असतं." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "खरं सांगू? मी तिकिटाची चौकशी करून ठेवली होती. म्हटलं, हिला जर रोपावरून आधी कळत असेल, तर आता फुलापर्यंत थांबायचं नाही. यांनी काल दक्षिणेकडच्या एकाला पत्र धाडलंय, त्याच्याकडे पांढरं आहे. नवी शेंग धरायची म्हणतात. तुझ्याकडेच येईल ती, दुसरं आहे कोण? बाटली फुटली की तुला विचारलं असतं, आणि तू 'जांभळं' म्हणालीस की उठून वालेन्सियाला गेले असते. पण फूल येईपर्यंत कोणालाच कळत नाही, म्हटल्यावर..."

"बाई," ओर्फिलिया म्हणाली.

"काय गं?"

कार्यालयाच्या दारात डॉक्टर आले. टोपी घालत होते.

"काही नाही."

"सात वर्षं काय, बघता बघता जातात," एस्तेरबाई उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून, दोन टप्प्यांत. "चलते. त्या जांभळ्यांना पाणी घालायचं राहिलंय. हे म्हणतात फेकून दे. पण आता सवय झालीय त्यांना माझी."

त्या चौक ओलांडून गेल्या. डॉक्टर चार पावलं पुढे आणि त्या मागे. ओर्फिलियाने शाईवर फुंकर घातली. मग तो कागद मांडीवर ठेवून तिने नीट घडी घातली, शिक्क्यावर मोड येणार नाही अशी.